ओटीतील पिस्तूल

गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात आपल्याकडे बाईची ओटी भरतात. तांदूळ, नारळ, खारीक, हळकुंड, सुपारी आणि एखादा खण एवढेच त्या ओटीत पडते. पण त्यामागे चार घरच्या बायकांचा जो आशीर्वाद असतो त्याचे मोल या जिनसांहून मोठे असते. जिच्या पोटात जीव वाढतो आहे ती बाई एकटी नाही, हेच या समारंभाचे सांगणे. अमेरिकेत याच महिन्यांत काही बायका एका निराळ्याच वस्तूच्या शोधात असतात. पाळणा, दुपटी, मोटारीत बाळाला बसवायची खुर्ची यांच्या यादीच्या तळाशी त्यांनी आणखी एक ओळ लिहिलेली असते : कपड्यांखाली लपवून नेता येईल असे, आपल्याला परवडेल असे एक पिस्तूल. वाढत्या पोटाबरोबर ते कमरेला कसे बांधावे, तीनचारशे डॉलरांत भरवशाचे कोणते मिळेल, त्याचा झटका हाताला झेपेल काय, असे प्रश्न त्या बंदुकीच्या दुकानदाराला, नेमबाजीच्या शिक्षकाला आणि एकमेकींना विचारीत असतात.

हे ऐकून अंगावर शहारा येणे किंवा अमेरिकनांच्या बंदूकवेडाला हसणे, दोन्ही सोपे आहे. पण त्या बाईचा प्रश्न वेडेपणाचा नाही. दोन जिवांचे रक्षण मी एकटीने कसे करू, एवढेच ती विचारते आहे. तिची भीती खरी आहे आणि ती पुढे पाहूच. दोष आहे तो त्या प्रश्नाला बाजाराने दिलेल्या उत्तरात. ते उत्तर कितपत टिकते, हे त्याच बाईच्या बाजूने तपासून पाहण्यासारखे आहे.

कायद्याने मोकळी केलेली वाट

अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसरी दुरुस्ती १७९१ ची. शस्त्र बाळगण्याचा लोकांचा अधिकार तीत सांगितला आहे. पण तो नागरी सेनेच्या संदर्भात की एकेका नागरिकासाठी, हा वाद दोन शतके चालला. २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने राजधानी वॉशिंग्टनसंबंधीच्या एका खटल्यात निर्णय दिला की, आत्मरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणे हा व्यक्तीचा अधिकार आहे. जून २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने न्यूयॉर्क राज्याचा शंभर वर्षांहून जुना नियम रद्द केला आणि हा अधिकार घराच्या उंबऱ्याबाहेरही नेला. 'मला विशेष धोका आहे' असे सिद्ध करण्याची अट अर्जदारावर लादता येणार नाही, असे त्या निर्णयाचे सार होते.

राज्यांनी तर ही वाट आधीच रुंद केली होती. फ्लॉरिडाने १९८७ मध्ये असा कायदा केला की, ठरलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्याला लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना दिलाच पाहिजे. अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न उरला नाही. त्याचे अनुकरण अनेकांनी केले. पुढे परवान्याचीही गरज नको असे म्हणणारी राज्ये निघाली. व्हरमाँटमध्ये तो कधीच लागत नसे. २००३ मध्ये अलास्का, २०१० मध्ये अ‍ॅरिझोना, २०२१ मध्ये टेक्सास असे करीत २०२४ अखेर अशा राज्यांची संख्या २९ झाली. तेथील सज्ञान नागरिकाला, तो गुन्ह्यामुळे किंवा अन्य कायदेशीर कारणाने अपात्र ठरलेला नसेल तर, खिशात पिस्तूल घालून हिंडायला कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या जिनिव्हातील संस्थेच्या अंदाजानुसार २०१७ मध्ये अमेरिकन नागरिकांकडे ३९ कोटींहून अधिक बंदुका होत्या. देशाच्या लोकसंख्येहून ही संख्या मोठी आहे. जेथे शेजाऱ्याकडे, वाटसरूकडे आणि चोराकडेही पिस्तूल असण्याचा संभव आहे, तेथे गरोदर बाईला ते आपल्याकडेही असावे असे वाटले तर नवल नाही.

तिच्या बाजूने बोलणारी उदाहरणेही आहेत. २०१९ मध्ये फ्लॉरिडातील लिथिया या गावी घरात शिरलेल्या सशस्त्र दरोडेखोरांनी नवऱ्याला मारहाण सुरू केली, तेव्हा आठ महिन्यांच्या गरोदर बायकोने घरातील बंदूक उचलून गोळी झाडली आणि कुटुंब वाचले. ती रायफल होती, लपवायचे पिस्तूल नव्हे. तरी शस्त्राने त्या घराला वाचविले हे नाकारण्यात अर्थ नाही. मिशिगन राज्याच्या अपील न्यायालयाने २००२ मध्ये यापुढचे पाऊल टाकले. पोटावर ठोसे मारणाऱ्या प्रियकराला एका गरोदर स्त्रीने सुरीने मारले होते. तिला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरविण्यात आले होते. अपील न्यायालय म्हणाले की, दुसऱ्याच्या बचावासाठी बळ वापरण्याची जी सवलत कायदा देतो, ती आईला आपल्या गर्भाच्या बचावासाठीही मिळाली पाहिजे आणि ज्यूरीला तसे सांगायला हवे होते. तिची शिक्षा रद्द झाली.

मात्र ज्या गर्भाच्या नावाने एकीला बचाव मिळतो, त्याच गर्भाच्या नावाने दुसरी आरोपी होते. डिसेंबर २०१८ मध्ये अलाबामा राज्यात दोघी बायकांच्या भांडणात एकीने झाडलेली गोळी दुसरीच्या पोटात लागली. ती पाच महिन्यांची गरोदर होती, गर्भ दगावला. २०१९ च्या जूनमध्ये समजले की मनुष्यवधाचा आरोप ठेवला गेला आहे तो गोळी लागलेल्या बाईवर. भांडणाला तिने सुरुवात केली, हे कारण. देशभर ओरड झाल्यावर जुलैमध्ये सरकारी वकिलाने आरोप मागे घेतला. कायदा आपल्या पाठीशी आहे अशा विश्वासावर पिस्तूल घेणाऱ्या बाईने दोन्ही प्रकरणे शेजारीशेजारी ठेवून वाचावीत.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त?

'परवडणारे' हा शब्द या शोधात फार महत्त्वाचा आहे. पगारी रजेचा राष्ट्रीय कायदा नसलेल्या देशात बाळंतपणाचा खर्च समोर उभा असलेली, रात्रपाळी करणारी नर्स किंवा दुकानातली मदतनीस हजार डॉलरांचे शस्त्र घेऊ शकत नाही. स्वस्त पिस्तुलांचा तेथील इतिहास मात्र फारसा आश्वासक नाही. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर १९६८ मध्ये जो कायदा झाला त्याने लहान, हलक्या प्रतीच्या पिस्तुलांची आयात बंद केली. देशात ती बनविण्यावर बंदी घातली नाही. साहजिकच लॉस एंजलिसच्या परिसरात जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव पिस्तुले काढणारे कारखाने उभे राहिले. त्या माळेला 'अग्निवलय' असे नाव पडले. ही पिस्तुले स्वस्त होती, आणि त्यांतली कित्येक हातातून पडली तर गोळी सुटेल अशी होती. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये कायदा करून उंचावरून पाडून पाहण्याची आणि सतत गोळ्या झाडून पाहण्याची परीक्षा सक्तीची केली, तेव्हा कोठे त्या राज्यात अशा मालाची विक्री थांबली. हा धोका इतिहासजमा झाला असेही नाही. ब्राझीलमधील एका कंपनीच्या जवळजवळ १० लाख पिस्तुलांबाबत, ती खाली पडल्यास चाप न ओढताही गोळी सुटते अशी तक्रार होती; २०१५ मध्ये त्या खटल्यात तडजोड झाली.

आता नवे पिस्तूल अडीचशे ते चारशे डॉलरांत मिळते आणि त्यांतली बरीचशी कामचलाऊपेक्षा चांगली असतात. पण किंमत कमी आणि आकार लहान झाला की काही गोष्टी बिघडतात. लहान, हलक्या पिस्तुलाचा झटका मोठा असतो, कारण तो शोषून घ्यायला वजनच नसते. आपोआप काडतूस भरणाऱ्या पिस्तुलात पहिली गोळी नळीत आणण्यासाठी वरचा सरकता भाग जोराने मागे ओढावा लागतो आणि पिस्तूल जितके लहान तितकी त्याची कमान ताठ. रिव्हॉल्व्हरला ही कसरत नको. पण त्याचा चाप ओढायला चारपाच किलोंचे बळ बोटात लागते. बाविसी काडतुसाचा झटका सौम्य, पण ते न पेटण्याची शक्यता इतर काडतुसांहून अधिक. गरोदरपणात हातापायांना सूज येते, मनगटातील नस दबून बोटे बधिर होण्याचा विकार पुष्कळ जणींना होतो, शरीराचा तोल पुढे सरकतो. दुकानात चौथ्या महिन्यात जे पिस्तूल हाताला बसले, ते आठव्या महिन्यात बसेलच असे नाही.

लपवून बाळगण्याची अडचण आणखी वेगळी. कमरेच्या पट्ट्यात पुढच्या बाजूला खोचायची जी नेहमीची जागा, तेथेच पोट वाढत असते. नळीचे तोंड ओटीपोटाकडे आणि मांडीतील मोठ्या रक्तवाहिनीकडे राहते. म्हणून पोटाच्या वर किंवा खाली गुंडाळायचे लवचिक पट्टे विकले जातात. त्यांतल्या स्वस्त पट्ट्यांचे कापड इतके मऊ असते की पिस्तुलाचा चाप त्यातून बाहेरून दाबला जाऊ शकतो. चाप पूर्ण झाकणारे कडक आवरण पाहिजे, हे जाणकार सांगतात. त्याचे पैसे वेगळे. त्यात कुलपाची पेटी, नेमबाजीच्या वर्गाची फी, सरावाची काडतुसे, प्रत्यक्ष वापरासाठी घ्यायची अधिक महाग काडतुसे हे सारे मिळविले की तीनशेचे पिस्तूल सहजच दुप्पट किमतीचे होते. ज्या बाईने तीनशेच बाजूला ठेवले होते, ती यांतले काय गाळील? बहुधा शिक्षण आणि कुलूप.

कंपन्यांना हा ग्राहक आज सापडला असेही नाही. स्मिथ अँड वेसन या जुन्या कंपनीने १९८९ मध्ये खास स्त्रियांसाठी म्हणून 'लेडीस्मिथ' नावाची रिव्हॉल्व्हरे बाजारात आणली. एकट्या बाईची भीती हा माल खपविण्याचा आधार होऊ शकतो, हे व्यापाऱ्याने फार पूर्वी ओळखले आहे.

सरावाचे कोडे

पिस्तूल विकत घेतल्याने कोणी नेमबाज होत नाही. अचानक हल्ला झाल्यावर थरथरत्या हाताने कपडे बाजूला सारून ते काढायचे, निरपराधाला न लागेल अशी गोळी झाडायची, यासाठी सतत सराव हवा. आणि गरोदरपणात नेमका हा सरावच घातक आहे.

काडतुसाच्या बुडाशी जी ठिणगी पाडणारी टोपी असते तिच्यात बहुधा शिशाचे संयुग असते; गोळीही बहुधा शिशाचीच. प्रत्येक बाराबरोबर त्याची बारीक धूळ हवेत उडते. बंद नेमबाजी-गृहात ती श्वासावाटे जाते, हाताला आणि कपड्यांना चिकटून घरी येते. शिसे नाळेतून गर्भापर्यंत पोचते. त्याच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते, गर्भपाताचा आणि कमी वजनाच्या बाळाचा धोका वाढविते. पूर्वी शरीरात गेलेले शिसे हाडांत साठून राहते आणि गरोदरपणात हाडांतील चुना बाळासाठी वापरला जाऊ लागला की तेही पुन्हा रक्तात उतरते. मुलांच्या रक्तातील शिशाची सुरक्षित अशी पातळी अद्याप कोणालाही ठरविता आलेली नाही.

आवाजाचेही तसेच. आपल्या बोलण्याचा आवाज सुमारे ६० डेसिबल, पिस्तुलाच्या बाराचा दीडशेच्या वर. आई कानांवर संरक्षक टोप्या चढविते. पोटातल्या बाळाच्या कानांवर त्या चढविता येत नाहीत. विसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाचे कान घडलेले असतात. ११५ डेसिबलहून मोठा आवाज असलेल्या जागा, स्वतः कान झाकले असले तरी, गरोदर स्त्रीने टाळाव्यात असा अमेरिकेच्याच रोगप्रतिबंधक केंद्राचा सल्ला आहे.

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. सराव करावा तर बाळाला अपाय. न करावा तर पिस्तूल म्हणजे स्वतःला आणि इतरांनाच धोका. शिसेविरहित काडतुसे मिळतात, पण महाग. उघड्या मैदानावरचा सराव बंद खोलीतल्याहून बरा, पण आवाज तेथेही सुटत नाही. रिकाम्या पिस्तुलाने घरी चाप ओढण्याचा सराव हाच काय तो निर्धोक. पण त्यालाही पिस्तूल खरोखर रिकामे आहे याची दर वेळी खात्री करणारी शिस्त लागते. एवढे सारे करूनही जी स्त्री शस्त्र घ्यायचेच ठरविते, तिने निदान हे आधी गरोदर राहण्यापूर्वीच शिकून घेतलेले असावे, साफसफाई दुसऱ्याकडून करवून घ्यावी आणि ही गोष्ट आपल्या डॉक्टरपासून लपवू नये. बंदुकीच्या दुकानातील फळीवर यांतले काही लिहिलेले नसते.

शत्रू कोठे आहे?

आता मुख्य मुद्दा. पिस्तुलाच्या जाहिरातीतील शत्रू नेहमी अनोळखी असतो. तो मोटारतळावरच्या खांबाआड, निर्मनुष्य रस्त्यावर, रात्रीच्या पेट्रोलपंपाजवळ उभा असतो. प्रत्यक्षात गरोदर अमेरिकन स्त्रीला मारणारा कोण असतो?

न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांतील देशभरच्या मृत्युनोंदी तपासून २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गरोदरपणी आणि बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत अमेरिकेत खुनाने मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण रक्तस्राव, रक्तदाबाचे विकार, जंतुसंसर्ग या बाळंतपणातील प्रमुख कारणांपैकी कोणत्याही एकाने मरणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक निघाले. त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा गरोदर आणि वर्षाच्या आतील बाळंतिणींचा खून होण्याचे प्रमाण १६ टक्क्यांनी जास्त होते. या खुनांपैकी सुमारे दोनतृतीयांश बंदुकीने झाले आणि सुमारे दोनतृतीयांश घरात. ज्या देशात वैद्यकशास्त्राने बाळंतपणाचे कितीतरी धोके आटोक्यात आणले, त्या देशात गरोदर बाईचा मोठा वैरी तिच्या उंबऱ्याच्या आत निघावा, यापरते विदारक काय असेल?

घरातील बंदूक या वैऱ्याविरुद्ध ढाल ठरते काय? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातील लाखो प्रौढांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये दाखविले की, पिस्तूलधारकाबरोबर एका छपराखाली राहणाऱ्यांचा खून होण्याचे प्रमाण, पिस्तूल नसलेल्या घरात राहणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होते. आणि जोडीदाराच्या गोळीने मरण्याचे प्रमाण सातपट. अशा रीतीने मेलेल्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्यापूर्वी २००३ मध्ये अमेरिकेतील अनेक शहरांच्या अभ्यासात आढळले होते की, मारझोड करणाऱ्या पुरुषाच्या हाती बंदूक पडण्याजोगी असेल तर त्याच्या जोडीदार स्त्रीचा खून होण्याचा धोका पाचपटीने वाढतो. गरोदर बाईने विकत घेतलेले पिस्तूलही शेवटी त्याच घरात, त्याच कपाटात राहणार. ज्या क्षणी ते तिला लागेल त्या क्षणी ते तिच्याच हाती असेल, ही खात्री कोण देणार? शरीराने बलवान आणि घरातील प्रत्येक किल्ली ठाऊक असलेला माणूस समोर असतो. आणि तो तिच्या मुलाचा बापही असतो. अनोळखी चोरावर गोळी झाडणे आणि त्याच्यावर झाडणे या दोन गोष्टी मनाला सारख्या नसतात.

बाळंतपणानंतरचा काळ तर अधिकच नाजूक. झोपेविना काढलेल्या रात्री, मनाचे खचणे, काही स्त्रियांना येणारे तीव्र औदासीन्य हे आजार म्हणून ओळखले गेले आहेत आणि त्यावर उपचारही आहेत. पण उपचारापर्यंत पोचायला वेळ लागतो. पिस्तूल तो वेळ देत नाही. कॅलिफोर्नियातीलच २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात, पिस्तूल नसलेल्या स्त्रियांच्या मानाने पिस्तूल बाळगणाऱ्या स्त्रियांत बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण कैक पटींनी अधिक आढळले.

आणि ज्या बाळासाठी हा सारा खटाटोप, ते लवकरच रांगू लागते, उभे राहते, आईच्या पिशवीत हात घालू लागते. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यातील हेडन येथे एका दुकानात सामान घेत असलेल्या २९ वर्षांच्या आईच्या पर्समधून तिच्या दोन वर्षांच्या मुलाने पिस्तूल बाहेर काढले. गोळी सुटली आणि ती जागीच मरण पावली. ती अडाणी नव्हती, निष्काळजी म्हणून प्रसिद्ध नव्हती. अणुसंशोधनाच्या प्रयोगशाळेत काम करणारी शास्त्रज्ञ होती, शस्त्र वापरण्यात तरबेज होती आणि ती पर्सही पिस्तुलासाठी वेगळा कप्पा असलेली होती. २०२० पासून १ ते १९ वर्षांच्या अमेरिकन मुलांच्या मृत्यूचे पहिले कारण बंदूक हे झाले. तोपर्यंत अनेक दशके मोटार अपघात हे पहिले कारण असे.

मग तिने करायचे काय?

'पिस्तूल घेऊ नकोस' एवढे सांगून मोकळे होणे हा त्या बाईवर अन्याय होईल. जिला पोलीस अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत, जिचा पूर्वीचा नवरा दाराशी येऊन धमकावतो आहे, तिला कोरडा उपदेश नको. तिला उत्तर पाहिजे. ते उत्तर मात्र बंदुकीच्या दुकानात मिळण्यासारखे नाही. तिच्या हाती शस्त्र देण्याऐवजी धमकावणाऱ्याच्या हातचे शस्त्र काढून घेणे, हे ते उत्तर आहे.

अमेरिकेत याची वाट अगदीच नाही असे नाही. १९९६ मध्ये केलेल्या दुरुस्तीने कौटुंबिक मारहाणीच्या किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेल्यालाही बंदूक बाळगण्यास मनाई झाली. २०२२ च्या कायद्याने लग्नाच्या नवऱ्याबरोबर प्रियकरांनाही काही प्रमाणात त्या मनाईत ओढले. आणि जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की, जोडीदाराला धोका असल्याचे न्यायालयाने ठरवून ज्याच्याविरुद्ध मनाईहुकूम काढला आहे, त्याच्याकडून शस्त्राचा अधिकार काढून घेणे घटनेला धरून आहे. ज्या न्यायालयाने दोन वर्षांपूर्वी पिस्तुलाला रस्त्याची वाट मोकळी केली, त्याच न्यायालयाने ही मर्यादा मान्य केली, हे महत्त्वाचे आहे. असे मनाईहुकूम आणि शस्त्रबंदी एकत्र असलेल्या राज्यांत जोडीदारांकडून होणारे खून कमी असल्याचे अभ्यासांतून दिसते.

उणीव आहे ती अंमलबजावणीत. हुकूम निघतो, पण कपाटातील बंदूक जाऊन आणायची कोणी, याचे उत्तर अनेक ठिकाणी नसते. खासगी व्यवहारात खरेदीदाराची चौकशी करण्याची सक्ती केंद्रीय कायद्यात नाही. म्हणून एका दारातून गेलेली बंदूक दुसऱ्या दारातून परत येते. गरोदर स्त्री नऊ महिन्यांत डॉक्टरांकडे जितक्या वेळा जाते तितक्या वेळा एरवी क्वचितच जात असेल. त्या प्रत्येक भेटीत रक्तदाबाबरोबर 'घरी कोणी मारते काय, घरात बंदूक आहे काय' हे दोन प्रश्न नवऱ्याला बाहेर बसवून विचारले, आणि होकार मिळाला तर पुढे काय करायचे याची सोय त्याच इमारतीत असली, तर तीनशे डॉलरांच्या कोणत्याही पिस्तुलाहून अधिक प्राण वाचतील.

आपल्या अंगणात

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा म्हणून आपण स्वस्थ बसावे काय? पुण्या-ठाण्याहून, नाशिक-कोल्हापुराहून कितीतरी आया लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जातात. पिशवीत डिंकाचे लाडू असतात, मेतकूट असते, आणि सहा महिन्यांचा मुक्काम. आपण स्वयंपाकाला आणि बाळाला न्हाऊ घालायला जातो आहोत, असे त्यांना वाटत असते. खरे म्हणजे त्या आणखी एक मोठे काम करीत असतात. घरात तिसरे माणूस असणे, हेच त्या काळात एक संरक्षण असते. बाळंतपणाला माहेरी जाण्याच्या आपल्या रिवाजाचे मूळही याहून फार निराळे नसावे.

मात्र या रिवाजाच्या अभिमानाने डोळे मिटून घेण्याचे कारण नाही. दिल्लीच्या २०१२ मधील अमानुष प्रकारानंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्रकारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे सुमारे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर काढले. त्याची किंमत होती सव्वा लाखाच्या आसपास. ज्या बाईला रात्री बसथांब्यावर उभे राहावे लागते तिला ते परवडणारे नव्हते, आणि जिला परवडणारे होते ती बहुधा मोटारीने घरी जात असे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याविना पिस्तूल मिळत नाही, ही समाधानाची गोष्ट खरी. पण मारणाऱ्याला पिस्तूलच लागते असे नाही. आपल्याकडे स्टोव्हच्या भडक्याने ते काम वर्षानुवर्षे केले आणि म्हणून १९८६ मध्ये हुंडाबळीचे स्वतंत्र कलम कायद्यात घालावे लागले. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, कधी ना कधी गरोदर राहिलेल्या शंभरांतील सुमारे तीन स्त्रियांनी गरोदरपणी मारहाण सोसल्याचे सांगितले. जे सांगितले नाही ते या आकड्यात नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आपल्याकडे आहे. सासरच्या घरात राहण्याचा हक्क तो देतो, संरक्षण अधिकाऱ्याची तरतूद करतो. आपल्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, त्याचे कार्यालय कोठे, हे या लेखाच्या वाचकांपैकी किती शिक्षकांना, किती कारकुनांना ठाऊक असेल? एखादी विद्यार्थिनी, एखादी सहकारी उद्या ते विचारील, तेव्हा सांगता यावे म्हणून ते आजच माहीत करून घेणे अवघड नाही.

अमेरिकेतील ती बाई दुकानाच्या काचेसमोर उभी आहे. तीनशेचे घ्यावे की चारशेचे, याचा हिशेब ती करते आहे. दुकानदार तिला वजन, काडतूस, झटका हे सारे समजावून सांगेल. तो त्याचा धंदाच आहे. तुझ्या घरात तुला कोणाची भीती वाटते, एवढे मात्र तो विचारणार नाही. तो प्रश्न विचारायचे काम तिच्या आईचे, शेजारणीचे, डॉक्टरचे आणि न्यायाधीशाचे होते. त्यांनी ते वेळेवर केले असते, तर पाळण्या-दुपट्यांच्या त्या यादीतील शेवटची ओळ लिहायची वेळ तिच्यावर आली नसती.